पत्र्याच्या नळीतील ठोके

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भिवंडी येथे केलेले भाषण)



दरसाल या व्यासपीठावरून विद्वान मंडळींची भाषणे होतात आणि ती पुढे स्मरणिकेत छापली जातात. यंदा हा मान आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या आणि खडू-फळ्याच्या सहवासात आयुष्य वेचलेल्या निवृत्त शिक्षकास मिळाला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचा विषय चिटणिसांना कळविला तेव्हा ते क्षणभर थबकले. "गुरुजी, शिष्यवृत्त्या, वधूवरसूची, ज्ञातिगृहाचा जीर्णोद्धार असे विषय असताना तुम्ही हे एंजिनाचे काय काढले?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "भाषण संपले की मग विचारा." तेव्हा आपणही तेवढा धीर धरावा, अशी प्रारंभीच विनंती आहे.

आमच्या बालपणी वज्रेश्वरीच्या यात्रेत पत्र्याची एक होडी विकावयास येत असे. विक्रेता परातीत पाणी भरून त्यात ती सोडी. होडीच्या पोटात तेलात भिजविलेली वात पेटवी. क्षणभर काहीच होत नसे, आणि मग एकाएकी 'फट् फट् फट्' असा आवाज काढीत ती परातीच्या काठाकाठाने फेऱ्या मारू लागे. तिला ना चाक, ना वल्हे, ना किल्ली. चार-आठ आण्यांची ती वस्तू. परंतु आमच्यापैकी कित्येकांनी आयुष्यात पाहिलेले पहिले एंजिन तेच होय. हे खेळणे केवळ आपल्याकडचे, असे मात्र नव्हे. १८९१ साली थॉमस पिओ नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमध्ये अशा होडीचे एकस्व घेतले होते. तेथून ती जगभर पसरली आणि आपल्या यात्राजत्रांत येऊन स्थिरावली.

ही होडी चालते कशी? तिच्या पोटात पत्र्याची एक चपटी डबी असते. डबीपासून दोन बारीक नळ्या निघून होडीच्या मागल्या बाजूस पाण्याखाली उघडतात. डबीत व नळ्यांत आधी पाणी भरून घ्यावे लागते. वातीच्या धगीने डबीतील पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतील पाणी जोराने मागे ढकलते. ढकलता ढकलता वाफ स्वतः नळीच्या थंड भागात शिरते, तेथे निवते आणि तिचे पुन्हा पाणी होते. वाफ आटली की आत पोकळी निर्माण होते व बाहेरचे पाणी पुन्हा आत ओढले जाते. ते तापते, वाफ होते, ठोका पडतो. डबीचे वरचे पातळ झाकण प्रत्येक ठोक्यास आत-बाहेर लवते, त्याचाच तो फट्-फट् आवाज.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका हटकून काढतो. पाणी जितके बाहेर फेकले जाते तितकेच आत ओढले जात असेल, तर होडी पुढे सरकावी कशी? जागच्या जागी डुलत राहावयास हवी! याचे उत्तर घरच्या घरी मिळते. मेणबत्तीवर फुंकर मारली तर ती विझते. परंतु तेवढ्याच अंतरावरून तेवढ्याच जोराने श्वास आत ओढला तर ज्योत जेमतेम हलते. फुंकर एका दिशेने धार धरून जाते. ओढलेला वारा मात्र चहूकडून गोळा होऊन येतो. पाण्याचेही तसेच. बाहेर पडताना त्याची सरळ मागे धार लागते आणि आत येताना ते सगळीकडून येते. म्हणून धक्का शिल्लक राहतो तो पुढचा.

आता पाण्याच्या जागी हवा आणि वाफेच्या जागी जळते इंधन आहे असे समजा. म्हणजे आम्ही ज्याविषयी बोलू इच्छितो ते 'पल्स जेट' आपल्यासमोर उभे राहील. मराठीत त्यास 'स्पंद-झोत एंजिन' म्हणता येईल. आपली तरुण मुले हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याची चित्रे पाहतात. देशोदेशीचे हौशी लोक आपल्या अंगणात पत्र्याची नळी वाकवून ते बनवितात. नळी लालबुंद होते आणि कानठळ्या बसतील असा आवाज करते.

त्याची रचना समजण्यास आपल्या समाजास तरी परकी विद्या लागू नये. आपल्या वाडवडिलांच्या भट्टीजवळचा भाता आठवा. भात्याच्या भोकावर आतून चामड्याचा एक पडदा बसविलेला असे. भाता उघडला की पडदा उचले आणि वारा आत येई. भाता दाबला की पडदा घट्ट बसे आणि वारा नळीवाटे निखाऱ्यांवर जाई. स्पंद-झोत एंजिनाच्या तोंडाशी असाच पडदा असतो, केवळ तो पातळ पोलादी पट्ट्यांचा असतो. आत आलेल्या हवेत इंधन मिसळते व पेट घेते. स्फोटाच्या दाबाने पट्ट्या मिटतात, म्हणून तप्त वायूस मागच्या लांब नळीवाटे जाण्यावाचून गत्यंतर नसते. तो मागे जातो आणि एंजिन पुढे ढकलले जाते.

परंतु खरी गंमत यापुढे आहे. झोपाळा मध्यावर येऊन थांबत नाही. आपल्या वेगाने पलीकडे जातो. तसाच नळीतला वायूही बाहेर पडता पडता गरजेपेक्षा अधिक बाहेर जातो. त्यामुळे नळीत हवा विरळ होते, पट्ट्या आपोआप उघडतात आणि ताजी हवा व इंधन आत शिरते. नळीत मागे राहिलेला तप्त वायू त्या मिश्रणास पुन्हा पेटवितो. ठिणगी लागते ती केवळ सुरुवातीस. पुढे एक ठोकाच दुसऱ्या ठोक्यास जन्म देतो. ठोक्यांची गती बहुतांशी नळीच्या लांबीवर ठरते. लहान बासरीचा सूर उंच आणि लांब बासरीचा खर्ज, तोच हा न्याय. हातभर लांबीच्या नमुन्यात सेकंदास दोनशेच्या आसपास ठोके पडतात. आपल्या गावातील साध्या यंत्रमागाचा धोटा सेकंदास फार तर दोन-तीन वेळा इकडून तिकडे जातो, आणि तेवढ्याने गल्लीत शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही! यावरून त्या नळीच्या गर्जनेची कल्पना करावी.

या एंजिनाचा एक प्रकार तर असा आहे की त्यास झडपाही नसतात. तेथे हवेचा आखूड मार्ग आणि ज्वाळेचा लांब मार्ग यांतील फरकच झडपेचे काम करतो. फ्रान्समध्ये मार्कोने यांनी अशा बिनझडपी एंजिनाचे एकस्व घेतले. पुढे अमेरिकेत हिलर या विमानांच्या कारखान्यात लॉकवुड यांनी नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून तिची दोन्ही तोंडे मागे वळविली, म्हणजे दोन्हींकडून बाहेर पडणारा झोत पुढेच ढकलील. ज्या एंजिनात एकही भाग हलत नाही, असे हे एंजिन आहे.

इतके सोपे यंत्र, तर मग सारी विमाने त्यावर का उडत नाहीत? कारण ते खादाड आहे. पेटविण्यापूर्वी हवा नीट दाबून घेतली जात नाही, त्यामुळे इंधन पुष्कळ जळते आणि काम थोडे होते. झडपांच्या पट्ट्या उष्णतेने लवकर झिजतात. आवाज आणि हादरे तर विचारूच नका.

तरीही एकदा त्याचा फार मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला, आणि तो संहारासाठी झाला. म्युनिकच्या पॉल श्मिट यांनी १९३० च्या सुमारास या नळीवर प्रयोग केले. पुढे बर्लिनच्या आर्गुस कारखान्याने ती सिद्धीस नेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने साडेतीन मीटरांहून थोडी अधिक लांब अशी ही नळी एका वैमानिकरहित विमानाच्या पाठीवर बसविली, त्याच्या नाकात सुमारे ८५० किलो स्फोटक भरले आणि १३ जून १९४४ पासून ही 'व्ही-१' अस्त्रे लंडनच्या रोखाने सोडण्यास आरंभ केला. सेकंदास पंचेचाळीसहून अधिक ठोके देत ती येत. आवाज चालू असेपर्यंत खालची माणसे श्वास रोखून ऐकत राहत. कारण आवाज थांबला की ते खाली कोसळणार, हे त्यांस कळून चुकले होते. इंग्लंडात या अस्त्रांनी सहा हजारांवर माणसे मारली. यात्रेतील होडी आणि ते अस्त्र, दोहोंच्या पोटी ठोक्यांचे तत्त्व एकच. वस्तू स्वतः ना साधू, ना दुष्ट. ती कोणाच्या हाती पडते आणि त्या हाताशेजारी कोण उभे असते, यावर सारे अवलंबून आहे.

हे शेवटचे वाक्य आम्ही वर्गात अनेकदा उच्चारले असेल. परंतु ते आमच्यावरच कसे उलटले, हे सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

गोष्ट १९८७ सालची आहे. आम्ही शास्त्र विषय शिकवीत होतो. वर्गात परातीत होडी चालवून दाखविली. मुले हरखून गेली. तास संपल्यावर आठवीतला एक मुलगा, आपल्याच समाजातला, मागे रेंगाळला. त्याने कोठल्याशा जुन्या मासिकात वाचले होते की काचेच्या बरणीच्या झाकणास एक भोक पाडून आत थोडे स्पिरिट घालून पेटविले, तर बरणी आपोआप श्वास घेऊ लागते, धडधडते. "गुरुजी, करून पाहू?" त्याने विचारले. आम्ही घाईत होतो. तपासण्याच्या वह्यांचा गठ्ठा काखेत होता. आम्ही म्हणालो, "पाहा की! जमले तर स्नेहसंमेलनात मांडू." एवढेच बोललो. काच उष्णतेने फुटते हे सांगितले नाही. तापल्या भांड्यात स्पिरिट ओतू नये हे सांगितले नाही. करशील तेव्हा मला बोलाव, हेही सांगितले नाही.

त्याने रात्री घरच्या पडवीत एकट्याने बरणी पेटविली. ती विझल्यावर पुन्हा चालविण्यासाठी त्याने बाटलीतून स्पिरिट ओतले. बरणी तापलेली होती. आत न दिसणारी निळी ज्योत शिल्लक असावी. ओतत्या धारेने पेट घेतला आणि बाटली हातातच भडकली. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत भाजला. दोन महिने तो शाळेस मुकला.

मंडळी, यात अपघाताचा भाग आहे, हे आम्ही जाणतो. परंतु यानंतर जे घडले तो अपघात नव्हता. शाळेत चौकशी झाली. "या मुलास हे कोणी शिकविले?" असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत आला. आम्ही तेथेच बसलो होतो. आम्ही म्हणालो, "मुले खोडकर असतात, कोठे तरी वाचतात आणि करतात." यातील प्रत्येक शब्द खरा होता आणि संपूर्ण वाक्य खोटे होते. मुलाच्या वर्तनपत्रकावर शेरा पडला. त्याच्या वडिलांनी घरातील हत्यारे कुलपात ठेवली. तांब्या-पितळेचा धंदा स्टेनलेसच्या भांड्यांपुढे आधीच मावळत चालला होता. त्या घरातील हातोडी त्यानंतर थांबली ती थांबलीच. मुलगा दहावीनंतर यंत्रमागावर लागला आणि पुढे जॉबर झाला. आम्ही त्यास रस्त्यात पाहिले की नजर चुकवीत असू. त्याने मात्र दर वेळी "नमस्कार, गुरुजी" म्हटले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नववीतील एक मुलगी आमच्या दारी आली. तिला बिनझडपी स्पंद-झोत एंजिन बनवावयाचे होते. नळीची मापे तिने वहीत उतरवून आणली होती. आम्ही विचारले, "तुला आमच्याकडे कोणी पाठविले?" ती म्हणाली, "बाबांनी. ते म्हणाले, हे गुरुजींना विचारल्याशिवाय करायचे नाही."

तिच्या बाबांचे नाव ऐकून आम्ही काही वेळ बोलू शकलो नाही.

दुसऱ्या रविवारी तो स्वतः तिच्यासोबत आला. अडतीस वर्षांपूर्वी जे बोलावयास हवे होते ते आम्ही त्याच्यापाशी बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, हात काय, भरून आला. पण एक सांगू? त्या रात्री बरणी चालली होती हो. विझायच्या आधी सात-आठ ठोके तिने चोख दिले. ते बघायला कोणी नव्हते, एवढेच."

"एवढेच" हा त्याचा शब्द. आमच्या लेखी तो एवढाच नाही. वर्तनपत्रकावरील शेरा आता पुसता येत नाही. परंतु 'कोणी नव्हते' हे तरी पुढच्या मुलांच्या वाट्यास येऊ नये, असे आम्हास वाटते.

आम्ही त्या मुलीस एकदम एंजिनाकडे नेले नाही. आधी जुना भाता सोडवून पडदा दाखविला. मग होडी. डबी झाळण्याचे काम तिच्या बाबांनी केले. शेगडीवर तापविलेला खया, नवसागराचा धूर, कथलाचा तो चकाकता ओघळ, हे सारे त्या पोरीने प्रथमच पाहिले. जुन्या व्रणाचा हात जराही कापला नाही. पहिल्या दोन होड्या गळाल्या. तिसरी वऱ्हाळा तलावाच्या कडेला आम्ही पाण्यात सोडली तेव्हा ती सात-आठ ठोके देऊन थांबली. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिले व दोघेही हसली. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. पुन्हा पाणी भरून सोडली, ती थेट शेवाळापर्यंत गेली.

एंजिन अद्याप झालेले नाही. ते होईल तेव्हा औद्योगिक प्रशिक्षणाच्या कर्मशाळेतील जाणत्या निदेशकाच्या देखरेखीखाली, उघड्या मैदानात होईल, असे आम्ही तिघांनी ठरविले आहे. तिला ते लांबणीवर टाकलेले वाटते. आम्हास ते वेळेवर वाटते.

पुण्यास आयुका संस्थेत श्री. अरविंद गुप्ता यांनी कित्येक वर्षे टाकाऊ वस्तूंतून मुलांकडून विज्ञानाची खेळणी करविली आणि त्याबद्दल २०१८ साली सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. त्यांच्या तोडीचे काम आपल्या हातून होईल, असा आमचा दावा नाही. आमची मागणी लहान आहे. ज्ञातिगृहाच्या मागील पत्र्याची पडवी आज मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती मोकळी करून द्यावी. दर रविवारी दुपारी तीन तास समाजातील मुलामुलींनी तेथे येऊन हाताने काही करावे. हत्यारे पुष्कळ घरांत माळ्यावर गंजत पडली आहेत. कातर, ऐरण, हातोड्या, सांडशी, ज्यास जे देता येईल ते द्यावे. आजच्या भिवंडीत आपली मुले गोदामांत इतरांनी बनविलेल्या वस्तूंची खोकी मोजतात. त्या कामास आम्ही कमी लेखीत नाही; परंतु खोक्यातील वस्तू कशी चालते हा प्रश्न त्यांच्या मनात जिवंत राहावा, एवढी इच्छा बाळगणे गैर नव्हे.

या पडवीचे नियम आम्ही आजच सांगून ठेवतो. पहिला, जाणते माणूस जवळ असल्याशिवाय काडी ओढावयाची नाही. दुसरा, काचेच्या भांड्यात ज्वाळा नाही. तिसरा, तापलेल्या वस्तूत इंधन घालावयाचे नाही. ती हातास गार लागेपर्यंत थांबावयाचे. चौथा, बंद खोलीत काही जाळावयाचे नाही, कारण अर्धवट जळालेल्या इंधनाचा विषारी वायू दिसत नाही की त्यास वासही येत नाही. पाचवा, मोठ्या आवाजाच्या यंत्राजवळ कान झाकल्यावाचून उभे राहावयाचे नाही. यंत्रमागाने आपल्या किती वडीलधाऱ्यांचे कान नेले, हे आपण जाणताच. आणि सहावा नियम मुलांसाठी नसून आम्हा वडीलधाऱ्यांसाठी आहे : मुलास 'करून पाहा' म्हणावयाचे असेल, तर आपणही तेथे हजर राहावयाचे, आणि काही चुकले, तर 'मी सांगितले होते' हे आधी आपण म्हणावयाचे.

झाळकाम शिकविण्याचे त्या जॉबरने कबूल केले आहे. तो आज याच सभागृहात बसला आहे. ही हकीकत सांगण्यास त्याने संमती दिली. केवळ नाव घेऊ नका, असे बजावले. त्याची आज्ञा आम्ही पाळीत आहोत. आमचे नाव मात्र भाषणाखाली अवश्य छापावे, अशी चिटणिसांना विनंती आहे. शेऱ्याच्या जागी ते पुष्कळ वर्षांपूर्वीच यावयास हवे होते.

पडवीचा निर्णय सर्वस्वी मंडळाचा आहे. तो अनुकूल झाल्यास येत्या रविवारी खुर्च्या हलविण्यास आम्ही तीन वाजता हजर राहू.